थोरला, धाकटा आणि आंतरपाट

“आवं, ह्यो माणूस विकाय बसलाय का परीक्षा घ्याय?”

रहिमतपूरहून आलेल्या बाईंनी हे नवऱ्याच्या कानात विचारलं होतं. मधे कापड होतं म्हणून मी त्यांना दिसत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं.

“गप. डोळं मिटाय सांगितलंय,” नवरा पुटपुटला.

“मिटल्यात की. पर दोनी येकच तर वाजतंय.”

“खुर्चीत बसल्यावर बोलायचं न्हाई,” दुकानाचे मालक आण्णा म्हणाले. “मॅडम, परत पयल्यापासनं.”

मॅडम म्हणजे मी. कापडाच्या आड स्टुलावर बसलेली. मी दोन्ही यंत्रांवर तेच गाणं पुन्हा एकदम सुरू केलं, मधल्या अँप्लिफायरचं बटण आधी उजवीकडे, मग डावीकडे फिरवलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

“सांगा. आत्ता कोण वाजतोय? थोरला का धाकटा?”

“थोरला,” नवरा ठामपणे म्हणाला.

“मॅडम?”

“धाकटा,” मी म्हणाले.

“मग तुमी धाकटाच घ्या,” आण्णा त्यांना म्हणाले. “तुमाला फरक ऐकू येत न्हाई.”

“पर आमाला थोरलाच पायजे. पावण्यारावळ्यांत दिसाय बरा दिसतो.”

“दिसाय पायजे तर त्येचा फोटो न्या.”

ते दोघं काहीही न घेता गेले. बाई जाताना पायरीवर जरा जोरातच काहीतरी बोलल्या. आण्णा दिवसभर खुशीत होते.

सांगलीत तेव्हा, नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, सगळीकडे कॅसेटच चालायच्या. सीडी हातात दिली की लोक आधी तिच्यात तोंड बघायचे. आण्णांच्या दुकानात मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर असलं सगळं होतं आणि दोन तऱ्हेचे सीडी प्लेअर होते. एक स्वस्तातला. त्याचे खोके माळ्यापर्यंत रचलेले असत. तो धाकटा. दुसरा परदेशी, काळा, उचलताना कंबर धरेल इतका जड, आणि एकच. तो थोरला. थोरल्याच्या किमतीत धाकटा घेऊन वर एक मोटारसायकल आली असती. आण्णांनी तो विकायला म्हणूनच आणला होता आणि विकायला त्यांची तयारीही होती. अट एकच होती. घेणाऱ्याला डोळे मिटून दोघांतला फरक सांगता आला पाहिजे. याला ते ‘कान बघणं’ म्हणत. मुलगी बघतात तसं.

कान बघायची खुर्ची एका न्हाव्याकडून आणलेली होती. मागे मान टेकायला उशी असलेली. डोकं हललं की आवाज हलतो, असं आण्णांचं म्हणणं. तिच्यात बसलं की पुरुषांची हनुवटी सवयीने वर जायची, आणि गळ्याशी टॉवेल येण्याची वाट बघत असल्यासारखे ते गाणं ऐकायचे. समोरचं कापड म्हणजे आण्णांच्या स्वतःच्या लग्नातला आंतरपाट होता. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, धुऊन धुऊन गुलाबी झालेलं. तो काकूंनी, म्हणजे आण्णांच्या बायकोने, ट्रंकेतून काढून दिला होता. काकू मागच्या खोल्यांत राहायच्या आणि चहा द्यायला आल्या की गिऱ्हाइकांना सांगायच्या, “लग्नात ह्येच्या पल्याड काय उभं हाय ते मला दिसलं न्हाई, मी फसले. तुमी जरा वाकून बघा.”

मी या दुकानात आले ती बोलायला शिकण्यासाठी. साताऱ्यात माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. घरी मराठीच होतं, पण चार परकी माणसं समोर आली की माझं इंग्रजीही जायचं आणि मराठीही. त्यात आकडे. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत कोण मोठं हे मला मनातल्या मनात इंग्रजीत करून बघावं लागायचं, आणि तोवर भाजीवाली हसायला लागलेली असायची. बी.ए.ची परीक्षा झाल्यावर आईने मला सांगलीला मावशीकडे धाडलं. “कुठंतरी दुकानात बसव तिला,” आईने मावशीला सांगितलं, “चार माणसांशी बोलेल.” मावशीच्या ओळखीत दुकान हेच होतं आणि आण्णांना यंत्रांबरोबर येणारी इंग्रजी पुस्तकं वाचून सांगणारं कुणीतरी हवंच होतं.

त्यांनी माझी मुलाखत घेतली ती अशी. एक पान वाचायला लावलं. मग एक गाणं लावलं आणि स्वतः डोळे मिटून बसले. गाणं लांबलचक होतं. मी हलले नाही, खोकले नाही, पदर नव्हता म्हणून तो सारखा केला नाही. संपल्यावर आण्णांनी डोळे उघडले आणि मावशीला म्हणाले, “ही पोरगी लय गप हाय. आमाला अशीच पायजे.”

आईला हे पत्रातून कसं कळवायचं याचा मावशीने बराच विचार केला.

माझं काम आंतरपाटाच्या आड बसून बटण फिरवायचं आणि विचारल्यावर खरं काय ते सांगायचं. थोरला, धाकटा, बरोबर, चूक. एवढ्या चार शब्दांवर माझे महिने निघाले. गिऱ्हाईक असलं की मी ‘मॅडम’, नसलं की ‘पोरी’. एक वेळ अशी आली की मला ते दुकान फार आवडायला लागलं. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं आणि सगळं ऐकू येत होतं.

आण्णा फौजेतून आलेले. कडेगावच्या बाजूचे. घरी ऊस होता, तो भाऊ बघायचा. यांनी उभी नोकरी सिग्नलमधे, म्हणजे फौजेच्या वायरलेसवर, काढली आणि पेन्शन घेऊन सांगलीत दुकान टाकलं. केस अजून फौजेतलेच होते. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बाहेर पडताना दोन्ही कानांत कापसाचे बोळे. “कान म्हंजे काय दुकानाचं शटर हाय व्हय, उघडंच ठिवाय?” असं म्हणून ते बोळे घालून बाजारातून ताठ चालत जायचे. लोक हाका मारून थकायचे. मग दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन भांडायचे, “आण्णा, काल वळख दिली न्हाई तुमी.” आण्णा म्हणायचे, “दिली असती. हाक कवा मारली?”

सीडी पुसायचं त्यांचं एक शास्त्र होतं. जुन्या धोतराचा तुकडा घ्यायचा आणि मधल्या भोकापासून सरळ कडेकडे पुसत जायचं. गोल पुसलं की ओरडायचे. “गावाभवती फिरू नगं! मदनं निघायचं आन् येशीतनं भायेर पडायचं.” मी आजही चष्मा पुसताना वेशीतून बाहेर पडते.

थोरल्याखाली त्यांनी जात्याची खालची तळी ठेवली होती. कंप बसतो म्हणून. वरची तळी काकूंकडे होती आणि तिचा उपयोग लोणच्यावर वजन ठेवायला व्हायचा. एकदा कुणीतरी विचारलं, “आण्णा, जातं काय मोडलं व्हय?” तर आतून काकू म्हणाल्या, “मोडलं न्हाई, वायलं निगालं. येक सासरी, येक म्हायेरी.”

खरा वैरी शेजारची पिठाची गिरणी. ती सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, आणि व्होल्टेज पडलं की आण्णांच्या मते थोरल्याचं तोंड उतरायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आण्णा स्वतः गिरणीत जायचे. “जरा थांबीव गड्या. गाणं लावतोय.”

“आवं आण्णा,” गिरणीवाला पट्ट्यावरून म्हणायचा, “माझ्याकडं बाया डबं घेऊन हुब्या हायत्या. तुमचं गाणं काय नळाचं पाणी हाय व्हय, आत्ताच यायला?”

“दोन मिंटं.”

“तुमचं मिंट लय मोठं असतंय.”

पण थांबवायचा. मग डबेवाल्या बायका आमच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या माणसाकडे बघायच्या. परीक्षेत नापास झालेल्यांपैकी निम्मे तरी या बायकांच्या नजरेने नापास झाले असतील.

आवाजाबद्दल आण्णा बोलायला लागले की भूक लागायची. धाकट्याचा आवाज म्हणजे बाजारची भाकरी, थोरल्याचा म्हणजे चुलीवरची, पापुद्रा सुटलेली. धाकट्यात गूळ जास्त, ऊस कमी. “बासरी ऐक,” ते मला सांगायचे. “सूर कुणी बी ऐकंल. सुराच्या आदी फुंकर येती ती ऐक. आन् गाणं संपल्यावर कोण लवकर गप बसतो ते बघ. चांगलं मिशीन लगेच गप बसतं.” असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं की मला अवघडल्यासारखं झालं.

धाकटा नीट गप्प बसत नाही, ही तक्रार त्यांनी कंपनीला कळवली होती. म्हणजे मला कळवायला लावली. आण्णा हात मागे बांधून दुकानात येरझाऱ्या घालत सांगत होते आणि मी इंग्रजीत उतरवत होते. “लिव्ह. विषय, शांतता. आदरपूर्वक सादर करण्यात येते, की आपल्या छोट्या प्लेअरमधी गाणं संपल्यावर जी शांतता येती, ती पुरेशी न्हाई.” मी पेन थांबवून विचारलं, पुरेशी म्हणजे किती? ते म्हणाले, “त्येंला म्हाईत असंल. तज्ज्ञ हायत.” कंपनीकडून उत्तर म्हणून एक रंगीत कॅलेंडर आलं. आण्णांनी ते उलटसुलट बघितलं, मागे काही लिहिलेलं नाही याची खात्री केली आणि भिंतीला लावलं. “बघ,” म्हणाले, “मान्य केलं त्येनी.”

मला मात्र फरक ऐकू यायचा नाही. फुंकर दोन्हीकडे होती. गूळही दोन्हीकडे सारखाच. मी दोन यंत्रांच्या इतकी जवळ बसायचे की कुणाला कळायचं असेल तर मला आधी कळायला हवं होतं. पण मला वाटायचं, माझा कान इंग्रजी शाळेतला आहे, एकोणसत्तर-एकोणऐंशीसारखं हेही राहून गेलं असेल.

एका दुपारी वीज गेली होती. गिरणी बंद, पंखा बंद. आण्णा थोरल्यावरची धूळ फुंकत होते. मी काही विचारलं नव्हतं. ते आपणहून बोलायला लागले.

“वर हद्दीवरच्या पोस्टावर कानाला हेडफोन लावून बसायचो. दिवसभर खरखर. त्या खरखरीतनं येकादा शबुद यायचा, त्यो धरायचा. निसटला तर मानूस जायचा. सुट्टीवर घरी आलो तरी कानात खरखर. ही बोलाय लागली तर हिच्या मागं बी खरखर. रिटायर झालो, रेडिओ घेतला. खरखर. टेप घेतला. खरखर. मग ह्यो थोरला आला. खोक्यातनं काढला, लावला. आन् गाणं सुरू व्हायच्या आदी, पोरी, काय बी न्हाई. येवढं बी न्हाई. मला वाटलं मी भयरा झालो. आन् मग तंबोरा लागला.”

ते पुन्हा धूळ फुंकायला लागले. धूळ नव्हतीच. धाकट्यातही गाण्याआधी काही ऐकू येत नाही, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं.

रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम म्हणजे आण्णांचा स्वतःचा कान बघणं. उदबत्ती लावायची, खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे. मी आंतरपाटाआड. सुरुवातीच्या दिवसांत ते कधी बरोबर यायचे, कधी चुकायचे. चुकले की कारण तयार असायचं. गिरणी, व्होल्टेज, काल खाल्लेलं वांगं. मग गौरी आल्या आणि मावशीने मला कासाराकडे नेऊन दोन्ही हात भरून काचेच्या हिरव्या बांगड्या घातल्या. मला बांगड्यांची सवय नव्हती. शाळेत परवानगी नव्हती, आणि पुढेही राहून गेलं होतं. त्यानंतर आण्णा चुकेनासे झाले. एकदाही नाही. थोरला म्हणजे थोरला, धाकटा म्हणजे धाकटा. मी “बरोबर” म्हणायचे आणि त्यांचा शर्ट आणखी ताठ व्हायचा. कान उघडला म्हणाले. रोज रात्री कानात कोमट तेल सोडतो त्याचा गुण, म्हणाले. गिऱ्हाइकांनाही तेल सांगायला लागले. एकजण ते धाकट्यात घालायचं समजून गेला होता, त्याला परत बोलवावं लागलं.

थंडी पडली तशी मी लांब बाह्यांचा स्वेटर घालून आले. त्या सकाळी आण्णा सगळीकडे चुकले. “सर्दी,” म्हणाले. दुसऱ्या दिवशीही सर्दीच होती. तिसऱ्या दिवशी मावशीने स्वेटर धुवायला टाकला, मी कुडकुडत तशीच आले आणि आण्णांची सर्दी गेली. तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या हाताकडे बघितलं. बटण थोरल्याकडे फिरवताना मनगट खाली जायचं आणि बांगड्या अँप्लिफायरच्या पत्र्याला टेकायच्या. बारीक किण्ण. धाकट्याकडे फिरवताना त्या वर सरकायच्या आणि काहीच वाजायचं नाही.

आण्णांना ते बांगडी म्हणून ऐकू येत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या मनात ती थोरल्याचीच किणकिण होती. ‘झळाळी’ म्हणायचे तिला.

मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त स्वेटर घालायचं सोडलं. सगळी थंडी मी दातांवर दात वाजवत काढली, तेही आवाज न करता. मावशीने साताऱ्याला कळवलं, ‘पोरगी सुधारली. थंडीत गारठते पण बांगड्या झाकत नाही. स्थळं बघायला हरकत नाही.’

माघात आटपाडीकडचं एक जोडपं आलं. नवरा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा. त्या भागातली बरीच माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. हा पार दक्षिणेत होता आणि गावच्या जत्रेसाठी जीप करून आला होता. जीप दारातच उभी होती. त्याने थोरल्यावर बोट ठेवलं. “ह्यो द्या.”

आण्णांनी खुर्ची दाखवली.

“आवं, आमी सोनं नुसतं बघून वळखतो.”

“हितं बघायचंच न्हाई,” आण्णा म्हणाले. “डोळं मिटा.”

तो बसला, हनुवटी वर केली आणि नापास झाला. त्याची बायको बाजूला उभी होती. नाकात मोठी नथनी, नजर चौफेर. तो उठल्याबरोबर ती म्हणाली, “सरा. मी बसते.”

तिने पहिल्याला बरोबर सांगितलं. दुसऱ्याला बरोबर सांगितलं. मी बटण उलटसुलट फिरवत राहिले, ती सांगत राहिली, आणि मी “बरोबर” म्हणत राहिले. खरं तेच सांगायचं हा माझ्या कामाचा नियम होता. शेवटी आण्णाच म्हणाले, “बास.” मी आंतरपाटाच्या कडेने बघितलं. ते हसत होते, अगदी तोंडभर, आणि त्याच वेळी त्यांचा एक हात थोरल्याच्या झाकणावर होता, बैल विकताना पाठीवर ठेवतात तसा.

“पास,” ते म्हणाले. “पयल्यांदाच कुनीतरी पास झालं. मॅडम, थोरल्याचा खोका काढा.”

काकू आतून आल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, त्यावरून मला प्रसंग कळला. खोका माळ्यावर होता. मी स्टूल ओढलं आणि तेवढ्यात पलीकडून बाईंचा दबका आवाज आला. नवऱ्याला सांगत होत्या.

“किण्ण झालं की थोरला. त्या पोरीची बांगडी वाजती. लय सोपं हाय.”

मी स्टुलावर चढलेली तशीच उभी राहिले. सांगावं तर थोरला राहणार होता, पण आण्णांचा कान जाणार होता. न सांगावं तर कान राहील, आणि थोरला जत्रेतल्या मांडवात जाऊन बसेल. मला तोंडाने सांगणं शक्यच नव्हतं. मी खाली उतरले, आंतरपाटाबाहेर आले आणि काउंटरच्या काचेवर एकेक बांगडी काढून ठेवायला लागले.

“आगं बया, हात मोकळं करू नगं!” त्या बाई पहिल्यांदा ओरडल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना एकदम हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की नथनी हातात धरावी लागली. “घावलो वं! ह्या पोरीनं ऐकलं आमचं. आण्णा, म्या गाणं ऐकलंच न्हाई. बांगडी ऐकली.”

आण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. मग काचेवरच्या हिरव्या ढिगाकडे. मग माझ्याकडे, बराच वेळ.

“परत बसा,” ते बाईंना म्हणाले.

“आता काय बसू? गाणं तर दोनीकडं तेच हाय. आमाला धाकटा द्या, त्यो बी ग्वाडच वाजतोय.” नवऱ्याने धाकट्याचा खोका खांद्यावर घेतला आणि ते दोघं जीपच्या टपावर तो बांधायला बाहेर गेले. बाईंचं हसणं दोरीच्या प्रत्येक गाठीला ऐकू येत होतं.

मी बांगड्या पुन्हा घालायला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” आण्णा म्हणाले. ते न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी मान टेकली. “लाव, पोरी.”

“आवं, जेवाय चला,” काकू म्हणाल्या.

“लाव.”

मी आंतरपाटाआड गेले. गाणं सुरू केलं, बटण फिरवलं. दुकानात फक्त गाणं होतं. आण्णा म्हणाले, “थोरला.” थोडं थांबून म्हणाले, “व्हय?”

“चूक,” मी म्हणाले.

पुन्हा फिरवलं. पुन्हा चूक. मग एक बरोबर आलं आणि लगेच दोन चुकले. गिरणी बंद होती. व्होल्टेज चांगलं होतं. सर्दीचं नाव त्यांनी काढलं नाही. शेवटच्या वेळी मी बटण फिरवून वाट बघत राहिले. गाणं बरंच पुढे गेलं.

“कळंना,” आण्णा म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसायला की कशाला, ते मला दिसलं नाही.

“म्हंजे म्या येवढं दिवस बांगडीत पास झालो,” आण्णा खुर्चीतून उठत म्हणाले. “आन् कानात त्याल वतून वतून उशीचं पार वाटोळं झालं.” ते हसले, पण शर्टाची कॉलर त्यांना मोठी झाल्यासारखी दिसत होती. त्यांनी आंतरपाट एका बाजूने सोडला, त्याची घडी घातली आणि काकूंच्या हातात दिली. मग थोरल्यापाशी गेले आणि त्याच्या मागची वायर काढायला लागले.

“आवं, ह्ये काय?” काकू म्हणाल्या.

“नियम म्हंजे नियम. ज्येला फरक कळत न्हाई त्येनं थोरला ठिवायचा न्हाई. मी नापास झालो. मग ह्यो माझ्याकडं कशाला? त्यास्नी धाकट्याच्याच पैशात दिऊन टाकू.” त्यांनी वर न बघता मला हुकूम सोडला. “पोरी, हाक मार त्यास्नी. जीप हलायच्या आत.”

बाहेर गलाईवाला टपावरची दोरी ओढून बघत होता. बाई पुढे बसल्या होत्या. ड्रायव्हरने एकदा स्टार्टर मारला, जीप खोकली आणि बंद पडली. मी दारापर्यंत गेले. मला मोठ्याने हाक मारता येत नाही हे आण्णांना माहीत होतं, आणि तरी ते वायर हातात धरून वाट बघत होते. जीप दुसऱ्या दमात सुरू झाली आणि हलली. मी वळले, मोकळ्या हातांनी त्यांच्या हातातली वायर घेतली आणि होती तिथे परत खोचली.

“मलाही फरक कळत नाही, आण्णा,” मी म्हणाले. “पण थोरलाच लावा.”